बावीसऐवजी तेवीस

भीमथडी फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्याची बातमी मी एकशे चाळीस शब्दांत पाठवली. त्यातले चौऱ्याण्णव छापून आले. कापलेल्या शेहेचाळीस शब्दांबद्दल माझी तक्रार नाही. एकोणीस वर्षं शिरूरहून बातम्या पाठवतो आहे, कात्रीची सवय झाली आहे. तक्रार आहे ती छापून आलेल्या एका शब्दाबद्दल, आणि तो शब्द माझाच होता.

क्लब नवा. व्यावसायिक, म्हणजे खेळाडूंना पगार आणि प्रेक्षकांना तिकीट. मैदान दौंडला. पहिल्याच सामन्याला खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून क्लबने आसपासच्या तालुक्यांतल्या वार्ताहरांना प्रत्येकी बारा पास देऊ केले. मी एकट्याने जावं, सामना पाहावा, बातमी पाठवावी आणि परत यावं, इतकाच माझा बेत होता. उरलेल्या अकरा पासांचं काय करायचं हे मी ठरवण्याआधी आमच्या सोसायटीने ठरवलं.

सोसायटीचे सचिव मारुतराव हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. पाणी कुठेही असलं तरी ते आपल्या सहीशिवाय पुढे जात नाही, ही श्रद्धा त्यांनी निवृत्तीनंतरही जपली आहे. पासांची बातमी त्यांना सकाळी नऊला कळली. साडेनऊला ते माझ्या ओट्यावर होते.

"भारतराव, असं सुटंसुटं जायचं नसतं. फॅन क्लब पायजे."

"कुणाचा फॅन क्लब? त्या टीमने अजून एकही मॅच खेळलेली नाही."

"म्हंजी आपण पहिले. शिरूर तालुका फॅन क्लब. अध्यक्ष कोण, ते नंतर बघू."

नंतर म्हणजे दुपारी चारला. तोवर फ्लेक्स छापायला गेलाही होता. त्यावर अध्यक्ष मारुतराव गॉगल लावून फोनवर बोलताना होते आणि खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो होते. खेळाडू एकही नव्हता. मी ते लक्षात आणून दिलं, तेव्हा मारुतराव म्हणाले, "खेळाडू बदलत्यात. आपण हाय तिथंच हाय."

पासांची नोंदणी ऑनलाइन होती. प्रत्येकाचं नाव आधारवर असेल तसंच, आणि प्रत्येकाचा ईमेल वेगळा. आमच्या बारा जणांत मिळून ईमेल तीन होते, त्यातल्या एकाचा पासवर्ड अमेरिकेतल्या मुलाकडे होता. माझी पत्नी सारिका हिने एका बैठकीत नऊ ईमेल काढले आणि पासवर्ड दळणाच्या वहीत लिहून ठेवले. अकरा नावं बसली. बारावं बसेना, कारण बारावे म्हणजे मल्हारी आबा.

आबा आमच्या शेजारच्या बिरदेवचे वडील. हयात मेंढरांमागे गेली. बिरदेव रांजणगावच्या कारखान्यात कायम झाला, त्याने सोसायटीत घर बांधलं, आणि आबा सत्तावीस मेंढरांसह इथे राहायला आले. मेंढरं सोसायटीच्या मोकळ्या जागेत, जाळीच्या कुंपणात. मंजूर आराखड्यात ही जागा 'बालोद्यान' आहे. मारुतरावांनी या विषयावर आबांना तीन नोटिसा दिल्या. आबांना वाचता येत नाही. तिन्ही नोटिसा त्यांनी नीट घडी करून घोंगडीत ठेवल्या आहेत. सरकारी कागद टाकून द्यायचा नसतो, एवढं त्यांना माहीत आहे.

आबांच्या आधारवर जन्मतारखेचं नुसतं साल आहे. संकेतस्थळाला दिवस आणि महिना हवा होता. मी क्लबच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका मुलीने मला पाच मिनिटं संगीत ऐकवून विचारलं, "सर, त्यांना वाढदिवस कधी असतो?" मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "आमच्यात न्हाई तसलं काय." मी एक जानेवारी टाकली. पास आला.

आबांना न्यायचं कुणी ठरवलं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बुधवारी पहिल्या पाळीहून आलेला बिरदेव गाडी न लावताच माझ्या फाटकाशी थांबला.

"भारतभाऊ, रविवारी आबाला बी घेऊन जा की."

"त्यांना फुटबॉल?"

त्याने मागे वळून पाहिलं. "मेंढरं काढायची हायती. व्यापारी रविवारी पाचला बघायला येतोय, सहाला टेम्पो. आबा म्होरं असला तर जमायचं न्हाई."

"त्यांना सांगितलं आहेस?"

"कसं सांगू? तुमाला म्हाईत हाय ना त्यांचं काय चाललंय ते."

मला माहीत होतं, साऱ्या सोसायटीला माहीत होतं. महिन्यापूर्वी आबा ओढ्यावरून मेंढरं घेऊन आले आणि म्हणाले, "एक आपलं न्हाई." बिरदेवने मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली. सत्तावीस. आबा म्हणाले, "सत्तावीस आसतील. पर एक आपलं न्हाई." मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग दोष डोळ्यांच्या मागे असणार, असा निष्कर्ष बिरदेवने काढला, आणि खरं सांगायचं तर मीही काढला. ज्या माणसाला आपलं मेंढरू ओळखू येत नाही, त्याला हमरस्त्याच्या कडेने कळप नेऊ द्यायचा कसा? बिरदेव वाईट मुलगा नाही. त्याला भीती वाटत होती.

मी हो म्हणालो. बातमीदाराने दोन्ही बाजू ऐकाव्यात, असा नियम आहे. मी एकच ऐकली.

रविवारी साडेबाराला आमची ट्रॅव्हलर निघाली. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस, दौंड. आबा खिडकीपाशी बसले होते. काठी गुडघ्यांत, घोंगडी खांद्यावर. सबंध वाटेत ते एकदाच बोलले. भीमेचा पूल ओलांडताना म्हणाले, "हितं पाणी उतरलं की चारा लई चांगला आसायचा."

मारुतराव सगळ्यांना नियम समजावून सांगत होते. "कबड्डीसारखंच हाय. फक्त दम धरायचा नसतो आन् हात लावायचा नसतो."

"मग कबड्डीसारखं काय आहे?" सारिकाने विचारलं.

"मैदान," मारुतराव म्हणाले.

फाटकावर सुरक्षारक्षकाने फ्लेक्स अडवला. "बॅनर अलाउड नहीं है, अंकल."

"अध्यक्ष हूं मैं," मारुतरावांनी गॉगल लावून फ्लेक्सशेजारी उभं राहून दाखवलं. साम्य पटूनही परवानगी मिळाली नाही. फ्लेक्स जनरेटरच्या मागे ठेवावा लागला, आणि पूर्वार्ध संपायच्या आत त्यावर कुणीतरी जेवायला बसलं. आबांची काठीही काढून घेतली आणि तिच्या बदल्यात प्लॅस्टिकचा बिल्ला दिला. आबांनी बिल्ला उलटसुलट पाहिला आणि मुंडाशात खोचला. मला या सगळ्यातून सूट असायला हवी होती. माझ्याकडे वार्ताहराचं ओळखपत्र आहे. रक्षकाने ते पाहिलं आणि म्हणाला, "ये तो दो साल पहले खतम हो गया." मागे रांगेत खुटबावचे तीसेक लोक उभे होते. ते मोठ्याने हसले. मी ते नोंदवून ठेवलं आहे.

सांगलीच्या संघाशी सामना होता, साडेतीनला सुरू झाला. आधी क्लबच्या व्यवस्थापकांचं भाषण झालं. "प्रेक्षक हाच आमचा बारावा खेळाडू," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पहिला अर्धा तास आमच्या बाजूचे लोक खेळापेक्षा एकमेकांनाच जास्त पाहत होते. ओरडायचं केव्हा, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. चेंडू उंच गेला की सगळे 'हो' करायचे. आपल्याकडे आला तरी आणि आपल्याकडून गेला तरी. खुटबावकरांनी हलगी आणली होती. ती कशी आत आली, हा प्रश्न मारुतरावांनी सामन्याच्या अखेरपर्यंत सोडला नाही.

आबा मात्र पाहत होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मध्यंतरात मी चहा आणून दिला, तेव्हा म्हणाले, "लाल कपड्यातली आपली ना?"

"हो."

"तो पुढचा बोकड हाय. कुणाला जुमानत न्हाई. आन् मधला तो, सारखा कान चोळतोय, त्येच्यावर समदी चालत्यात. त्यो वळला की समदी वळत्यात."

कान चोळणारा संघाचा कर्णधार होता. माझ्या हातातल्या यादीत तसं लिहिलं होतं. मी कौतुकाने हसलो, लहान मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हसतात तसं. आणि घड्याळ पाहिलं. साडेचार झाले होते. व्यापारी पाचला यायचा होता.

एकाहत्तराव्या मिनिटाला आपल्या संघाने खेळाडू बदलला. आठ नंबरने बाहेर यायचं, एकोणीस नंबरने आत जायचं. नंबर दाखवणाऱ्या पाटीचं चार्जिंग संपलं होतं, म्हणून एका गृहस्थाने पुठ्ठ्यावर नंबर लिहून तो डोक्यावर धरला. आठ नंबर पलीकडच्या टोकाला पाठमोरा होता. एकोणीस नंबर आत पळाला. हे मला नंतर जुळवावं लागलं. त्या वेळी मी बातमीचा दुसरा परिच्छेद लिहीत होतो.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भारतराव. एक परकं आलंय."

"बदली खेळाडू आहे, आबा. एक गेला, एक आला."

"गेला कुठं?"

त्याच क्षणी गोल झाला. आमचा. क्लबच्या इतिहासातला पहिला. लोक खुर्च्यांवर चढले, हलगी कडाडली, सारिकाने अनोळखी बाईला मिठी मारली, मारुतरावांनी गॉगल हवेत फेकला. तो खाली आलाच नाही. कोपऱ्यातल्या निशाणापाशी खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळले होते. मी फोन काढून फोटो घेतला.

आणि या सगळ्यात आबा उभे राहून दोन्ही हात हलवत पंचाला ओरडत होते, "ओ! ओ दादा! थांबवा! एक जास्तीचं हाय!"

आधी लोकांना वाटलं म्हातारा आनंदाने ओरडतोय. मग शब्द कळले.

"आबा, खाली बसा! आपलाच गोल हाय!" मारुतरावांनी त्यांची घोंगडी ओढली.

"आसू द्या आपला. एक परकं हाय त्यात."

"हे कुणाचं म्हातारं?" खुटबावच्या बाजूने आवाज आला. "सांगलीवाल्यांचं हाय का?"

"शिरूरचं हाय!"

"मग घरी न्या की!"

लोक हसले. खुद्द शिरूरकरही हसले. मी आबांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. हळूच बसवलं, पण बसवलं. मैदानाच्या मध्यावर चेंडू ठेवला गेला, शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला.  थोड्या वेळाने तो पुठ्ठेवाला गृहस्थ कडेकडेने पलीकडे गेला आणि आठ नंबरला खुणेने बाहेर बोलावून घेऊन गेला. हे मी पाहिलं. पाहिलं आणि काहीच समजलो नाही. सामना एक-शून्य सुटला.

पाच एकतीसला मी बातमी पाठवली. आमच्या कामात बरीचशी बातमी आधी लिहून ठेवलेली असते. आकडे आणि नावं तेवढी नंतर भरायची. शेवटचं वाक्य मी आदल्या रात्रीच लिहिलं होतं : 'मैदानावरील बावीस खेळाडूंनी अखेरपर्यंत प्रेक्षकांना खिळवून ठेवले.' पाच चौतीसला कार्यालयातून एका शब्दाचा निरोप आला : 'फोटो?'

मी गाडीपाशी उभा राहून गोलनंतरचा फोटो उघडला. फोटोखाली नावं द्यायची म्हणून डावीकडून बोट ठेवत गेलो. यादी संपली आणि लाल कपडे संपले नाहीत. मी उजवीकडून मोजलं. सारिकाला मोजायला सांगितलं. निशाणापाशी दहा जण एकमेकांना बिलगलेले, त्यांत आठ नंबर. मागे दूर, आपल्या जाळीसमोर एकटा गोलरक्षक. आणि घोळक्यापासून चार हात लांब एकोणीस नंबर. बारा.

आबा गाडीच्या पायरीवर बसून काठीला लागलेली धूळ पुसत होते.

पाच अडतीसला मी बिरदेवला फोन लावला. आजूबाजूला हलगी चालू होती, ऐकू येईना, म्हणून स्पीकर चालू केला. आयुष्यात मी इतकी मोठी चूक करून इतकं बरोबर काही केलेलं नाही.

"भाऊ, टेम्पो लवकर आलाय," बिरदेवचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "दोर सोडतोय. आबाला आजून तासभर थांबवा तिकडं."

आबांचा हात काठीवर थांबला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "बिरदेव, तुला एक फोटो पाठवलाय. लाल कपड्यातली माणसं मोज. मग बोल."

बराच वेळ फक्त मेंढरांचा आवाज येत होता. मग : "बारा. आकरा आसत्यात ना?"

"अकराच असतात. हजारभर माणसं होती इथे. पंच होता. मी होतो. कुणालाही दिसलं नाही. आबांना दिसलं. ते ओरडून सांगत होते, आम्ही त्यांना खाली बसवलं."

 व्यापारी कुठेतरी 'चला पाव्हणं' म्हणत होता. मग बिरदेव वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आबा हायती का तिथं?"

मी फोन आबांपुढे धरला. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, ते आता शिव्या देतील. तो त्यांचा हक्क होता. 

"आबा," बिरदेव म्हणाला. "ती परकी कंची?"

आबांनी काठी बाजूला ठेवली. "समदी टेम्पोकडं बघत आसतील ना आता? भेदरल्याली?"

"व्हय."

"एक वड्याकडं तोंड करून आसंल. तिचं घर तिकडं हाय."

आम्ही दौंडला उभे होतो. शिरूरला बिरदेव जाळीत चालत गेला असावा. आम्ही सगळे त्या फोनकडे वाकलो होतो. मघाच्या गोलच्या वेळीही आमचा फॅन क्लब इतका एकजीव नव्हता.

"हाय," बिरदेव म्हणाला. "कानाला बारीक खाच हाय तिच्या. आपण खाच मारत न्हाई." मग फोन तोंडापासून लांब धरून तो कुणाला तरी म्हणाला, "न्हाई मामा. आज न्हाई. न्हाई, दराचं न्हाई काय. तुमी जा."

परतीच्या वाटेवर त्या परक्या मेंढीच्या मालकाचाही पत्ता लागला. पलीकडच्या वस्तीवरचा भैरू त्याच ओढ्यावर मेंढरांना पाणी पाजायला यायचा. बिरदेवने त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "व्हय, मलाबी वाटत व्हतं एक येगळं दिसतंय म्हणून. पर मोजली तर बराबर भरत व्हती, मग गप बसलो." दोन्हीकडचा हिशेब चोख होता, आणि दोन्हीकडे एकेक मेंढी महिनाभर घराकडे तोंड करून उभी होती.

पारगाव गेलं तरी आबा माझ्याशी बोलले नव्हते. भीमेच्या पुलावर म्हणाले, "तुमाला ठाव व्हतं. टेम्पोचं."

"हो, आबा."

"हं," आबा म्हणाले. माझ्या कामावर एकोणीस वर्षांत पुष्कळ टीका झाली आहे, पण इतक्या थोडक्यात नाही.

सोमवारी पेपरात 'बावीस खेळाडूंनी' छापून आलं. फोटो जागेअभावी गळला. मी उपसंपादकांना फोन करून चूक-दुरुस्ती मागितली.

"कोण म्हणतं तेवीस?"

"फोटो."

"पंचांचा दुजोरा?"

"पंचांना माहीतच नाही."

"मग कशाला? आपला जिल्हा, आपली टीम, जिंकलेत."

मी आजवर दुरुस्तीसाठी भांडलेलो नाही. मंत्र्याचं आडनाव चुकलं तेव्हाही नाही. या वेळी भांडलो. बुधवारी पाचव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली, दोन ओळी आल्या : 'दौंड येथील फुटबॉल सामन्याच्या वृत्तात मैदानावरील खेळाडूंची संख्या बावीस अशी प्रसिद्ध झाली आहे. सामन्याच्या काही मिनिटांपुरती ती बावीसऐवजी तेवीस अशी वाचावी.' दहा वाजता क्लबच्या व्यवस्थापकांचा फोन आला. भीमथडी हे एक कुटुंब आहे, असं ते म्हणाले, आणि कुटुंबातून माझे पास बंद झाले. साडेदहाला मारुतरावांनी मला फॅन क्लबच्या ग्रुपमधून काढून टाकलं. चौथी नोटीस मात्र त्यांनी आबांना अजून दिलेली नाही.

मी पेपर घेऊन मोकळ्या जागेत गेलो आणि आबांना त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

"पुन्यांदा वाचा," आबा म्हणाले. मी वाचलं.

"मी तेवीस कवा म्हणलो?"

"म्हणजे तेच ना, आबा. एक जास्त होता."

"जास्त व्हता म्हणून न्हाई वळखला मी. आत आला तवाच परका दिसला. आन् गोल झाल्यावर तर समदी एकमेकांच्या गळ्यात पडली. ह्यो बाजूला हुबा राहून टाळ्या वाजवत व्हता. घरचं टाळ्या वाजवत न्हाई, भारतराव. परकंच वाजवतंय." ते जाळीकडे पाहत राहिले. "पोरगं व्हतं. नाव काय त्याचं?"

मी बातमी पाहिली. छापलेल्या चौऱ्याण्णव शब्दांत नाव नव्हतं. पाठवलेल्या एकशे चाळीसांतही नव्हतं.

पुढच्या घरच्या सामन्याला आम्ही दोघंच गेलो, तिकीट काढून, एसटीने. रक्षकाने काठी घेतली, बिल्ला दिला. एकोणीस नंबर या वेळी सुरुवातीपासून खेळत होता. त्याचं नाव शंभू, पाबळचा, मी आधीच विचारून वहीत लिहून घेतलं होतं. पहिला अर्धा तास त्याच्याकडे चेंडू फारसा आलाच नाही. गोल कुणाचाच झाला नाही, लोक जांभया देऊ लागले. बासष्टाव्या मिनिटाला तो धडपडून आपटला. कान चोळणारा कर्णधार धावत आला, त्याला हाताला धरून उठवलं, त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि काहीतरी बोलला. शंभूने त्याला उलट शिवी दिली असावी, कारण दोघेही हसले.

आबांनी घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि ते उठले.

"आबा, अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत."

"आसू द्या," आबा म्हणाले. "घेतला त्याला कळपानं."